स्कियापरेल्ली: साठ वर्षं बंद असलेली पेढी आणि टेक्ससचा एक तरुण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पोशाखांचा इतिहास शिकवते. एरवी लोक मला नऊवारीच्या काष्ट्याबद्दल विचारतात. गेल्या काही वर्षांत मात्र कुणा नटीच्या गळ्यात सोन्याची फुप्फुसं दिसली, कुणाच्या खांद्यावर सिंहाचं डोकं दिसलं, की ते घडवणाऱ्या स्कियापरेल्ली या पॅरिसच्या फॅशनच्या पेढीबद्दल त्याच त्या शंका नव्यानं येतात. विद्यार्थ्यांच्या असतात, नातेवाइकांच्या असतात, दोन शिंपीकाकांच्याही आहेत. त्या इथे एकत्र केल्या आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. हे नाव नेमकं कसं उच्चारायचं? शियापरेली, शॅपरेली की आणखी काही?

स्कियापरेल्ली. नाव इटालियन आहे आणि सुरुवातीच्या अक्षरांचा उच्चार तिथे 'स्क' होतो, 'श' नाही. जोर 'रे'वर. पॅरिसमध्येही लोक अडखळतच. पेढी काढणाऱ्या एल्साला जवळची माणसं सरळ 'स्कॅप' म्हणायची आणि ती स्वतःही तेच वापरायची.

२. एल्सा स्कियापरेल्ली कोण होती? थोडक्यात सांगा.

जन्म १८९०चा, रोमचा. घर विद्वानांचं. वडील पौर्वात्य हस्तलिखितांचे अभ्यासक, काका जोव्हान्नी स्कियापरेल्ली म्हणजे मंगळावर रेषा पाहणारे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. (हे काका लक्षात ठेवा, प्रश्न ८मध्ये परत येणार आहेत.) शिवणकामाचं रीतसर शिक्षण तिनं कधीच घेतलं नाही. लग्न मोडलेलं, पदरात लहान मुलगी, अशा अवस्थेत ती पॅरिसला आली आणि १९२७मध्ये तिनं एक काळा-पांढरा स्वेटर विकायला काढला. गळ्याशी बो बांधलाय असं वाटायचं, पण तो बो विणीतलाच होता! नजरेला चकवण्याचा हा खेळ पुढे तिची ओळखच झाला.

१९३५मध्ये ती प्लास व्हांदोम या पॅरिसच्या श्रीमंती चौकात २१ नंबरच्या इमारतीत गेली. मग चित्रकार साल्वादोर दालीसोबत केलेला लॉब्स्टरचा झगा, डोक्यावर उलटी ठेवलेली चप्पल वाटावी अशी टोपी, हाडांचा सापळा कापडाखालून उठून आलेला काळा पोशाख, झाँ कोक्तोच्या चित्रावर भरलेला कोट, हे सगळं १९३७-३८च्या आसपासचं. कपड्यातली चेन तोवर शिंपी लपवून ठेवायचे, तिनं ती मुद्दाम रंगीत करून समोर आणली.

३. एवढा बोलबाला होता तर बंद का पडलं?

युद्ध, आणि मग बदललेली हवा. युद्धाची बरीच वर्षं एल्सा अमेरिकेत होती. १९४५मध्ये परतली. १९४७मध्ये ख्रिस्तियाँ दियोरनं बारीक कंबर आणि घेरदार स्कर्ट आणले. युद्धाची वर्षं रेशनवर काढलेल्या बायकांना विनोद नको होता, मीटरच्या मीटर कापड हवं होतं. एल्साचा तिरकसपणा त्या गर्दीत एकदम जुना दिसू लागला. कर्ज वाढत गेलं आणि १९५४मध्ये तिनं दुकान मिटवलं. त्याच वर्षी तिची जुनी प्रतिस्पर्धी कोको शनेल हिनं पंधरा वर्षं बंद ठेवलेलं आपलं दुकान पुन्हा उघडलं. दैवाची अशी थट्टा कादंबरीत लिहिली तर संपादक खोडून टाकेल.

एल्सा १९७३मध्ये वारली. अत्तरं चालू राहिली, म्हणून नाव पूर्ण पुसलं गेलं नाही.

४. बंद पडलेली पेढी विकत घेऊन मिळतं काय? शिलाई मशीनं तर कधीच भंगारात गेली असतील.

नाव मिळतं. या धंद्यात अशा पेढ्यांना 'झोपलेल्या राजकन्या' म्हणतात. टॉड्स या पादत्राणांच्या कंपनीचे इटालियन मालक दिएगो देल्ला व्हाल्ले यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात स्कियापरेल्लीचं नाव घेतलं आणि घाई केली नाही. २०१२मध्ये त्यांनी त्याच २१ प्लास व्हांदोममध्ये दारं उघडली. पत्ता तोच ठेवणं हा मला सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो. चितळ्यांची बाकरवडी मॉलमध्येही मिळते, पण डेक्कनवरच्या दुकानात उभं राहण्याची गोष्ट वेगळी असते.

नाव घेतल्यानं नवा ब्रँड रुजवण्याची वीस-पंचवीस वर्षं वाचतात. पण मेलेल्या बाईची कीर्ती रोज तुमच्या मापाला लावली जाते. त्यामुळेच बहुतेक राजकन्या जाग्या झाल्यावर पुन्हा डोळे मिटतात (प्रश्न १७).

५. टेक्ससचा तो तरुण, म्हणजे डिझायनर डॅनियल रोझबेरी, याच्या आधी कुणी प्रयत्न केला होता का?

तिघांनी. जुलै २०१३मध्ये ख्रिस्तियाँ लाक्र्वानं एकच मानवंदनेचं कलेक्शन केलं, तेही विक्रीसाठी नव्हे. मग मार्को झानिनी आला. जानेवारी २०१४मध्ये पहिला शो केला आणि वर्ष सरायच्या आत गेला. २०१५ ते २०१९ बेर्त्रां ग्यूयाँनं गादी सांभाळली. त्याच्याच काळात, २०१७मध्ये, पेढीला ओत कुटुरचा अधिकृत दर्जा पुन्हा मिळाला (प्रश्न ११), याचं श्रेय त्याला फारसं कुणी देत नाही.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांनी हात जोडूनच काम केलं. लॉब्स्टर आला, हृदय आलं, राशीचक्र आलं, गुलाबी रंग आला. कपडे सुंदर होते. पण एल्सा कुणापुढे हात जोडून उभी राहणारी बाई नव्हती, तेव्हा तिच्या घरात इतका सोवळेपणा विचित्रच दिसायचा.

६. मग हा रोझबेरी कोण? आणि तेहेतिसाव्या वर्षी 'तरुण' कसा?

टेक्ससमधल्या प्लेनोचा. वडील धर्मोपदेशक. न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकला आणि नंतर दहाएक वर्षं थॉम ब्राउन या अमेरिकन डिझायनरकडे राबला. ब्राउन म्हणजे राखाडी सूट, आखूड पँट, मिलिमीटरचा हिशेब. एप्रिल २०१९मध्ये स्कियापरेल्लीनं त्याला बोलावलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. बाहेर त्याचं नाव जवळजवळ कुणाला माहीत नव्हतं, फ्रेंचही त्याला धड येत नव्हतं. फ्रेंच कुटुरच्या पेढीची सूत्रं हाती घेणारा तो पहिला अमेरिकन.

'तरुण' हा शब्द इथे शास्त्रीय गायकासारखा घ्यायचा. तिथे पंचेचाळिशीपर्यंत माणूस 'उदयोन्मुख' असतो. अपवाद आहेतच: इव्ह साँ लोराँच्या हाती दियोर आलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

७. पहिल्या शोमध्ये तो रॅम्पच्या मधोमध टेबल टाकून चित्रं काढत बसला होता, हे खरं आहे का?

खरं आहे. जुलै २०१९, पॅरिस. त्याच्या भोवतीनं मॉडेल चालत होत्या आणि तो आपला कागदावर रेघोट्या मारत होता. काहींना हे नाटकी वाटलं. मला त्यात नवख्या माणसाचा प्रामाणिकपणा दिसला: मला अजून सुचतंय, बसा, पाहा. पुढच्याच वर्षी करोनानं सगळं बंद केलं तेव्हा हीच सवय कामी आली. जुलै २०२०चं कलेक्शन शिवलंच गेलं नाही. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत बसून काढलेली रेखाचित्रं, एवढंच त्या कलेक्शनचं स्वरूप होतं.

८. त्याची सगळी कलेक्शन्स पाहायला वेळ नाही. कुठून सुरुवात करू?

क्रमानं पाहू नका, कंटाळाल. मी विद्यार्थ्यांना दाखवते तो रस्ता सांगते.

आधी जानेवारी २०२१ पाहा. शरीराचे स्नायू, पोटाचे गठ्ठे, छाती हे सगळं साच्यातून काढून कपड्यावर चढवलेलं. त्याच महिन्यात, २० तारखेला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत लेडी गागा गायली ती स्कियापरेल्लीचा निळा कोट आणि लाल स्कर्ट घालून. छातीवर ऑलिव्हची डहाळी धरलेलं सोनेरी कबुतर होतं, जवळजवळ ताटाएवढं. एका दुपारीत जगाला पेढीचं नाव कळलं. मग जुलैत फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात मॉडेल बेला हदीद काळ्या झग्यात आली. गळा खोल कापलेला आणि त्या उघड्या जागेवर श्वासनलिकांच्या फांद्यांचा सोनेरी हार. लोक श्वासासाठी धडपडत होते ते वर्ष आठवा, म्हणजे फुप्फुसंच का, हे विचारावं लागणार नाही.

त्यानंतर थेट जानेवारी २०२२. काळा, पांढरा, सोनेरी, बाकी रंग जवळपास हद्दपार. ग्रहाभोवतीच्या कड्यांसारखे वेटोळे अंगाभोवती तरंगताना दिसतात. माझ्या मते हे त्याचं सर्वांत नेटकं काम. थॉम ब्राउनकडची शिस्त आणि एल्साचा वात्रटपणा पहिल्यांदा एका घरात नांदताना दिसतात.

जानेवारी २०२३ म्हणजे प्राण्यांच्या डोक्यांचा शो, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात. त्यात डोजा कॅट नावाची गायिका पाहुणी म्हणून आली होती ती अंगभर ३०,००० लाल खडे हातानं चिकटवून. प्रसिद्धीच्या हिशेबानं हा शिखराचा शो. कपड्यांच्या हिशेबानं नाही.

जानेवारी २०२४मध्ये मंगळवाले काका परत आले. परग्रह, टेक्सस आणि कुटुर यांची मिसळ. एका मॉडेलच्या कडेवर बाळ होतं, जुने फोन, सर्किट बोर्ड आणि खडे यांचं. आपल्याकडे ज्याला ई-कचरा म्हणून भंगारवाला किलोवर घेतो तेच. सगळे त्या बाळाकडे पाहत राहिले आणि तिच्या साध्या पांढऱ्या बनियनकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. मला तो जोडच सगळ्यांत आवडला.

जानेवारी २०२५चं नाव 'इकारस'. १९२०-३०च्या दशकांतल्या जुन्या रिबिनींची रिळं त्याला हाती लागली आणि त्यांच्या विटलेल्या रंगांतून, लोणी, केशर, मातकट तपकिरी अशा छटांतून, सगळं कलेक्शन निघालं. कंबरा मात्र इतक्या आवळलेल्या की पाहताना आपलाच श्वास अडकतो. यावर टीका झाली आणि ती योग्य होती. जुलै २०२५ बहुतांशी काळं-पांढरं. त्यात एक लाल पोशाख आहे, त्याची छाती-पोटाची बाजू पाठीवर आणि पाठीवरच्या हारात खड्यांचं लाल हृदय चक्क धडधडतं. दालीनं १९५३मध्ये माणकांचं धडधडणारं हृदय दागिना म्हणून घडवलं होतं, त्याला दिलेलं हे उत्तर.

९. त्या सिंहाच्या डोक्यांसाठी खरे प्राणी मारले होते का?

नाही. फोम, राळ, लोकर, रेशीम आणि खोटी फर यांतून घडवून हातानं रंगवलेली होती. सिंह, हिमबिबट्या आणि लांडगी असे तीन प्राणी होते. हे तीन इटालियन कवी दान्तेच्या 'इन्फेर्नो' या नरकावरच्या काव्याच्या सुरुवातीला वाट अडवून उभे राहतात: बिबट्या वासना, सिंह गर्व, लांडगी हाव. इटलीत शाळकरी पोरांना हा संदर्भ ठाऊक असतो. बाकीच्यांना भिंतीवर टांगलेली शिकार आठवली आणि गदारोळ झाला. प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'पेटा'नं उलट कौतुक केलं, की बघा, न मारताही हे करता येतं.

आमच्या वर्गात यावर दोन तट पडतात आणि दर वर्षी पडतात. मी कोणाच्याच बाजूला नाही. पण जे चित्र समजायला तळटीप लागते आणि गैरसमज व्हायला एक सेकंद पुरतो, त्याची जबाबदारी चित्रकारावरही येते.

१०. शेवटी जुने ड्रेस बघून कॉपीच तर करतात ना?

गंमत अशी की कॉपी करायला घरात फारसं काही नव्हतंच. एल्सानं १९६९मध्ये आपले ७१ नग अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टला दिले. पॅरिसलाही पोशाख आणि हजारो रेखाचित्रं दिली, ती आज तिथल्या म्युझे दे आर देकोरातीफ या संग्रहालयात आहेत. म्हणजे पेढी उघडली तेव्हा तिचं जुनं कपाट दुसऱ्यांच्या ताब्यात.

मला वाटतं हे रोझबेरीच्या पथ्यावर पडलं. सुरुवातीच्या वर्षांत त्यानं लॉब्स्टरला जवळजवळ हात लावला नाही. त्यानं उचलली ती खोड: शरीराचा अवयव दागिना होऊ शकतो, बटण म्हणजे नाक असू शकतं, बुटाला पायाची बोटं येऊ शकतात, पर्स तुमच्याकडे डोळे वटारू शकते. गाण्यातलं सांगायचं तर घराण्याची गायकी घ्यायची, गुरूच्या ताना पाठ म्हणायच्या नाहीत. हुबेहूब ताना मारणारा शिष्य मैफलीत टाळ्या घेतो आणि लोक घरी जाऊन गुरूचीच ध्वनिमुद्रिका लावतात. प्रश्न ५मधल्या मंडळींचं तसंच झालं.

पुढे हात बसल्यावर तो उघडपणे जुन्याकडे गेलाच. जुलै २०२२चा शो त्यानं म्युझे दे आर देकोरातीफमध्येच केला, तिथे एल्साचं मोठं प्रदर्शन उघडत होतं तेव्हाच. म्हाताऱ्या आजीच्या शेजारी उभं राहून फोटो काढण्याइतका धीर तोवर आला होता.

११. 'ओत कुटुर' म्हणजे महागडा शिवून घेतलेला ड्रेसच ना? मग आमच्या टेलरचाही तोच का नाही?

कारण फ्रान्समध्ये हा शब्द कायद्यानं राखीव आहे, १९४५पासून. मानवी भाषेत सांगायचं तर पैठणीच्या जीआय टॅगसारखं. दर वर्षी यादी ठरते आणि तिच्यात राहायचं तर पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा हवी, तिथे पूर्णवेळ कारागीर हवेत, गिऱ्हाइकाच्या अंगावर मापं घेऊन शिवलं पाहिजे आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, किमान २५ पोशाख दाखवले पाहिजेत.

आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना, तो अंगावर घालून टाचण्या, खुणा, उसवणं, पुन्हा नमुना, मग खरं कापड. हे आपल्या चांगल्या टेलरलाही ओळखीचं वाटेल. फरक शेकडो तासांचा आणि फ्रेंच सरकारच्या शिक्क्याचा.

आता खोच. नुसतं 'कुटुर' म्हणजे शिवणकाम, तो शब्द मोकळा आहे, म्हणून दिल्लीत 'इंडिया कुटुर वीक' होऊ शकतो. शिवाय पॅरिसच्या यादीबाहेरच्यांना 'पाहुणे' म्हणून बोलावतात. राहुल मिश्रा २०२०मध्ये, मुंबईतून काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे २०२१मध्ये आणि गौरव गुप्ता २०२३मध्ये याच वाटेनं गेले. वैशालीताई हातमागाच्या कापडावर, आपल्या खणावरही, काम करतात, त्यामुळे तो रॅम्प पाहताना मला अंमळ जास्तच आनंद झाला.

१२. हे कपडे घालतं कोण? नट्या विकत घेतात का?

बहुतेक वेळा नाही. रेड कार्पेटवरचे कपडे उसने असतात किंवा त्या प्रसंगासाठी पेढीच करून देते. विकत घेणाऱ्या बायका वेगळ्या असतात. जगभरात थोड्याच, फोटोत क्वचित दिसणाऱ्या. त्यांच्या कपड्यावर किमतीची चिठ्ठी नसते, आकडा बोलणीत ठरतो.

पण त्यावर पेढी चालत नाही. पैसा येतो तयार कपडे, पर्स, दागिने यांतून. स्कियापरेल्लीनं तयार कपड्यांचा पहिला रॅम्प शो मार्च २०२३मध्ये केला, म्हणजे रोझबेरी आल्यावर चार वर्षांनी. आधी नवल दाखवायचं, मग दुकान मांडायचं, असा तो क्रम होता.

१३. मेट गालाला पुण्याच्या नताशा पूनावालांनी नेसलेली सोनेरी साडी स्कियापरेल्लीची होती का?

साडी सब्यसाचीची. तिच्यावरची धातूची काचोळी स्कियापरेल्लीची. प्रसंग मे २०२२चा, मेट गाला म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचा वार्षिक सोहळा. जाळीदार कापडावर भरतकाम केलेली साडी, लांब पदर आणि वर छातीपासून बाहेर झेपावणारा सोनेरी धातू. ब्लाउजच्या जागी चिलखत म्हणा ना. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि दर वेळी अर्धं श्रेय चुकीच्या माणसाला दिलेलं असतं, कधी या बाजूनं, कधी त्या.

१४. 'शॉकिंग पिंक' म्हणजे आपला राणी कलरच ना? मग त्यात शोध कसला?

रंग तोच, हो. माझ्या मावशीनं पॅरिसचे फोटो पाहून "अगं, ही तर माझ्या लग्नातली शालू" असं म्हटलं होतं आणि ती चुकली नव्हती. एल्सानं तो रंग शोधला नाही, त्याला नाव दिलं आणि १९३७मध्ये त्याच नावाचं अत्तर काढलं. बाटली मे वेस्ट या नटीच्या अंगाच्या घडणीवरून, चित्रकार लिओनोर फिनीनं केलेली. जिथे सभ्य बायका काळा, करडा आणि फिका पिस्ता घालत होत्या, तिथे हा रंग धक्काच होता. सिल्क साडीच्या दुकानात त्याला कुणी दचकत नाही.

१५. एल्सानं साडीवरून कपडे केले होते, हे खरं का?

खरं. १९३५मध्ये. कपूरथळ्याची राजकन्या करम तेव्हा पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात गाजत होती आणि तिच्या साड्यांवरून एल्सानं संध्याकाळचे पोशाख केले: एका खांद्यावरून पदरासारखं कापड, खाली पायघोळ. नेसण्याचं वस्त्र शिवून टाकलं की त्याचा जीव थोडा जातोच, पण चुणी कुठे पडते हे तिनं नीट पाहिलं होतं. आणखी एक: तिच्या मुलीच्या लांबलचक नावात 'राधा' हेही नाव होतं. नवरा अध्यात्म आणि गूढविद्या यांवर व्याख्यानं द्यायचा, त्याचा तो परिणाम असावा.

१६. पॅरिसच्या ड्रेसवरचं भरतकाम मुंबईत होतं, असं ऐकलं. मग नाव का नसतं?

पॅरिसच्या अनेक पेढ्यांचं काम मुंबईत होतं, हे खरं. आरी आणि जरदोसीचे कारागीर इथे आहेत, दुसरीकडे इतके नाहीत. नाव मात्र दशकानुदशकं कुणी घेतलं नाही. दियोरनं ३० मार्च २०२३ला गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तो मुंबईच्या 'चाणक्य' या भरतकामाच्या कार्यशाळेसोबतची भागीदारी उघड सांगण्यासाठीच.

एल्साच्या काळात तिचं भरतकाम पॅरिसच्या लसाज कुटुंबाकडे असे आणि निदान त्यांचं नाव इतिहासात राहिलं. याच कुटुंबातल्या झाँ-फ्राँस्वा लसाज यांनी पुढे चेन्नईत भरतकामाची कार्यशाळा काढली. सुई पॅरिसहून इकडे आली ती अशी. रॅम्पच्या शेवटी डिझायनर एकटा वाकून नमस्कार करतो तेव्हा मला नेहमी वाटतं, कारखान्यातल्या चाचांना निदान एकदा पुढे आणा.

१७. मग प्रत्येक जुनी पेढी अशी जागी करता येते का?

नाही. बालेन्सियागा १९६८मध्ये बंद झालं होतं. १९९७मध्ये ते पंचविशीतल्या निकोला गेस्किएरच्या हाती आलं आणि त्यानं ते पुन्हा उभं केलं. कुटुर मात्र तिथे जुलै २०२१मध्ये, ५३ वर्षांनी, देम्ना या डिझायनरनं परत आणलं. उलट मादलेन व्हिओने हिचं नाव १९३९ला मिटलेलं. या शतकात ते अनेक हातांतून फिरलं आणि २०१८मध्ये पुन्हा बंद झालं. पोल प्वारे हा तर एल्साचा आवडता, तिला पहिलं प्रोत्साहन देणारा. त्याचं नाव २०१८मध्ये कोरियन भांडवलावर उठवलं गेलं आणि थोडक्यात थंडावलं.

दियोरला या यादीत घालू नका. साँ लोराँनं १९५८मध्ये दियोरसाठी केलेलं पहिलं कलेक्शन हा वारसा चालवण्याचा प्रकार. कार्यशाळेत सुया थंड पडल्या नव्हत्या, बायका कामावर होत्या, गिऱ्हाइकं दारात होती. पुनरुज्जीवनात यांतलं काहीच नसतं.

१८. कुणा भारतीय डिझायनरनं अशी पेढी सांभाळली आहे का?

मनीष अरोरानं. मुंबईत वाढलेला मुलगा. पॅरिसच्या पाको राबान या पेढीचं बायकांच्या तयार कपड्यांचं काम २००६मध्ये थांबलं होतं, ते २०११मध्ये त्याच्या हाती देऊन पुन्हा सुरू केलं. राबान धातूच्या चकत्यांचे कपडे करायचा, अरोराला भडक चमचमाट आवडायचा, जोडी पत्रिकेत जुळत होती. दोन कलेक्शन झाली आणि २०१२मध्ये तो बाहेर पडला. तिथे पुढे झ्युलियँ दोसेना आला आणि टिकला. दोन हंगामांत कुणाचीही गायकी बसत नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

१९. उद्या रोझबेरी निघून गेला तर?

नाव मालकाचं, डिझायनरचं नाही. तो गेला तर रेखाचित्रांतली लकब त्याच्यासोबत जाईल, कार्यशाळेतले हात तिथेच राहतील. प्रश्न ५मधल्या लाक्र्वाची गोष्ट इथे आठवते. त्यानं एल्साच्या नावाला मानवंदना दिली तेव्हा त्याच्या स्वतःच्या नावावर त्याचा हक्क उरला नव्हता. त्याच्या पेढीचं कुटुर २००९च्या मंदीत संपलं, नाव मात्र दुसऱ्यांच्या मालकीचं राहिलं. जिवंतपणी आपलं नाव दुसऱ्याच्या पाटीवर वाचणारे डिझायनर या धंद्यात बरेच आहेत.

२०. हे कपडे प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

लॉब्स्टरचा झगा फिलाडेल्फियात आणि हाडांच्या सापळ्याचा पोशाख लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, पॅरिसचं तर वर आलंच. जुनं कापड उजेड सोसत नाही म्हणून संग्रहालयं असे नग सदासर्वदा बाहेर ठेवत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी तो नग मांडलेला आहे का हे विचारून घ्या. मी एकदा न विचारता गेले आणि रिकाम्या काचेसमोरची पाटी वाचून परत आले.